आगोटीचं कर्ज

ज्यांच्यासाठी म्हणून मी बचत गटाच्या वह्या हातात घेतल्या, त्यांनीच पहिल्या फेरीत कर्ज नाकारलं.

२०१८ चा एप्रिल. भांडुपला टेंभीपाड्यावर, चढाच्या वरच्या अंगाला, एका सभासद बाईंच्या दहा बाय बाराच्या खोलीत मीटिंग भरली होती. गट सुरू होऊन तीन महिने झालेले. बारा जणी, महिना दोनशे, म्हणजे पेटीत ७,२०० रुपये. त्यातून पहिलं कर्ज कुणाला द्यायचं हा विषय होता आणि मी उत्तर घरूनच ठरवून आले होते: मासेवाल्या मावशींना. मावशी स्टेशनाबाहेर पाटी लावतात आणि डायरीवाल्याकडून पैसे उचलतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दहा हजार मागितले की तो साडेआठ हजार हातावर ठेवतो आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये घेऊन जातो, छोट्या डायरीत टिकमार्क करून. मी कॅल्क्युलेटर घेऊन त्याचं व्याज काढलं होतं. वर्षाला शेकडा एकशेवीसच्या घरात जात होतं. आमच्या गटाचं महिन्याला शेकडा दोन, वर्षाला चोवीस. मी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले आणि चष्मा काढून मावशींकडे पाहिलं.

"हिशेब बरोबर आहे बाई तुमचा," मावशी म्हणाल्या. "पण मला नको."

"का हो?"

"महिन्याचा हप्ता पगारवाल्यांचा. माझा पगार रोज रात्री होतो आणि रोज पहाटे संपतो. तीस दिवस शंभर-शंभर बाजूला ठेवायला माझ्या घरात जागा नाही."

"पेटी देते की एक," मी म्हटलं. सगळ्या बायका हसल्या. कुणाचाच हात पोचणार नाही, नवऱ्याचा नाही, मुलाचा नाही, अडीनडीला धावत आलेल्या शेजारणीचाही नाही, अशी जागा त्यांना म्हणायची होती. ते माझ्या ध्यानात यायला पुढचे सहा-सात महिने गेले.

ते पहिलं कर्ज मग पापड लाटणाऱ्या काकींना गेलं. पाच हजार.

मी या भानगडीत पडले ती रिकामपणामुळे. शाळेतली कारकुनी संपली, निवृत्त झाले, आणि चढावरच्या बायकांना गटाचे हिशेब लिहायला कुणीतरी हवं होतं. पेन्शनवाली आहे, अक्षर चांगलं आहे, आणि आपल्या पैशात तिला वाटा नको आहे, एवढी माझी लायकी. सभासद मी नव्हते, आजही नाही. पण खरं सांगायचं तर डोक्यात आई होती.

आई लालबागला खानावळ चालवायची. एका गाळ्यातले चौदा गिरणी कामगार आमच्याकडे जेवायचे. त्यांचा पगार दहा तारखेला आणि वाण्याचा तगादा महिनाभर. वर्षातून दोनदा आईच्या पाटल्या सराफाकडे जायच्या आणि दोनदा परत यायच्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि अशाच खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेकडून विनातारण छोटी कर्जं मिळवून दिली, तेव्हा शेजारच्या चाळीतल्या दोघी त्यात गेल्या. आई गेली नाही. बँक आपल्यासारख्यांची नसते, असं वडील म्हणाले आणि विषय मिटला. मग १९८२ चा संप आला. चौदातले नऊ जण गावी गेले, त्यांची बाकी त्यांच्याबरोबर गेली, आणि त्या खेपेला पाटल्या परत आल्या नाहीत.

तर वह्या. चार प्रकारच्या असतात. सभेचं इतिवृत्त, रोजकीर्द, खतावणी आणि प्रत्येकीचं पासबुक. पालिकेच्या समुदाय संघटक बाईंनी येऊन पंचसूत्री पाठ करून घेतली होती: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. उशिरा येणारीला पाच रुपये दंड. पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त दंड अध्यक्षबाईंनीच भरला, कारण त्यांच्याकडे पाणी दुपारी यायचं.

बँकेची गोष्ट लांबवत नाही, ज्यांनी गटाचं खातं उघडलंय त्यांना ती माहीत आहे. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ साली पाचशे गट बँकांना जोडून हा प्रयोग सुरू केला. आमच्या शाखेत मात्र पाव शतकानंतरही गट म्हटल्यावर काउंटरवरचा मुलगा "म्हणजे सोसायटी का?" असं विचारत होता. खातं उघडताना फक्त पदाधिकाऱ्यांचे कागद पुरतात, असा रिझर्व्ह बँकेचा नियम मी छापून नेला होता. त्याने तो वाचला, मान हलवली आणि म्हणाला, "मॅडम, सिस्टिम बाराही जणींचं मागतेय." मग बारा आधार कार्डं. त्यात तिघींचं नाव माहेरचं, रेशन कार्डावर सासरचं. एकीच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, जशी आपल्याकडे निम्म्या मावश्यांची असते. सहा खेपा झाल्या. जुलैत खातं उघडलं. अध्यक्षबाईंनी गटाचा रबरी शिक्का पहिल्यांदा कागदावर मारला तो उलटा.

तोवर मावशी दर रविवारी यायच्या, महिन्याचे दोनशे भरायच्या, आणि कर्जाचा विषय निघाला की भिंतीकडे बघायच्या.

नोव्हेंबरात मी त्यांच्याबरोबर भाऊच्या धक्क्यावर गेले. हट्टाने. पहिल्या लोकलने सँडहर्स्ट रोड आणि तिथून शेअर टॅक्सी. मला वाटलं होतं, बाजार बघायला चाललोय. धक्क्यावर पाय ठेवल्यापासून मावशी माझ्याशी बोलल्याच नाहीत. कमरेला पिशवी खोचलेली, साडीचा काष्टा, रबरी चपला, आणि डोळे एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर. खाली सगळं ओलं, बर्फाचा चुरा, डिझेलचा वास. लिलाव चालू होता आणि मला तो एक अक्षर कळला नाही. दोन बायका मावशींना येऊन मिळाल्या, तिघींनी मिळून बांगड्याची एक लॉट उचलली, तिथेच जमिनीवर तीन वाटे केले आणि आपापल्या वाट्याचे पैसे मोजले. नोटा मोजताना मावशींची बोटं ओली होती तरी एक नोट चिकटली नाही.

परतताना लगेजच्या डब्यात त्या बोलत्या झाल्या.

"आज रोख होते म्हणून लिलावात उभी राहिले. रोख नसले की उधारीवाल्याकडून घ्यायचा. हाच माल. आज तीन हजारला पडला, उधारीवर चौतीसशेला पडला असता. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडूनच घ्यावा लागतो, मऊ असला तरी."

मी मनात वजाबाकी केली. चारशे रुपये, एका सकाळचे.

"आता डायरीवाल्याचं बघा. दीड हजार कापतो, शंभर दिवसांचे. दिवसाला किती झाले?"

पंधरा.

"पंधरा रुपयांना पडतो तो मला. बर्फ त्याहून महाग आहे."

ठाण्याकडे जाणाऱ्या त्या डब्यात पाटीवर टेकून बसलेल्या बाईने माझा एकशेवीस टक्क्यांचा हिशेब असा निकालात काढला. आकडा माझा चुकला नव्हता. पण व्याजदर वर्षाचा असतो आणि मावशींचं वर्ष माझ्यासारखं बारा महिन्यांचं नव्हतंच. त्यांचा धंदा एका दिवसाचा. पहाटे पैसा मासळीत जातो, रात्री परत नोटा होतात.

मग अडचण कुठे आहे, असं विचारल्यावर त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं. "जून."

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, वर खवळलेला समुद्र. धक्का थंड पडतो. डायरी बंद होत नाही. मे महिन्यात उचललेल्या पैशांचे हप्ते जून-जुलैत रोज शंभराने चालूच राहतात. चुकले की दंड, दंड फेडायला दुसरी डायरी, आणि नारळी पौर्णिमेला बोटी बाहेर पडतात तेव्हा मावशींच्या डोक्यावर दोन-तीन डायऱ्या असतात. ऑगस्ट ते डिसेंबर त्या फेडायच्या. जानेवारीला मोकळा श्वास, मे महिन्यात पुन्हा पहिलं पान. अकरा वर्षं हेच चाललं होतं. पंधरा रुपये रोजचे त्यांना जड नव्हते. ते दोन महिने जड होते.

"त्या दोन महिन्यांत सुकी मासळी विकते मी थोडी," त्या म्हणाल्या. "पण ती एप्रिलमध्ये भरून ठेवावी लागते. स्वस्त तेव्हा असते. एप्रिलमध्ये माझ्याकडे पैसा कुठला?"

कोकणातल्या माणसाला आगोट समजावून सांगायला नको. पावसाच्या आधीची बेगमी. सुके बोंबील, जवळा, सोडे, खारे बांगडे, कांदे, कोकमं. आमच्या चढावर निम्मी घरं रत्नागिरी-सिंधुदुर्गातली, मे अखेर प्रत्येक घरी सुक्या मासळीची पिशवी येते. म्हणजे गिऱ्हाईक दारात, माल मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात आणि वेसावा-अर्नाळ्याच्या वलांडीवर (बोंबील वाळत घालायच्या मांडवावर), आणि मधे अडलेलं होतं ते पंधरा हजारांचं भांडवल. ते एप्रिलमध्ये द्यायचं आणि वसूल करायचं ते जसजसा माल विकेल तसं. आमच्या छापील नियमावलीत असलं काही नव्हतं.

पुढच्या रविवारी दोन ठराव झाले. पहिला गल्ल्याचा. मावशींच्या शेजारच्या खोलीतल्या सभासद वहिनींकडे बिस्किटाचा पत्र्याचा डबा ठेवायचा, मावशींनी रोज रात्री येता येता जमेल तेवढे टाकायचे, पन्नास, शंभर, कधी काहीच नाही. रविवारी सगळ्यांसमोर उघडून मोजायचे. मागितले तर वहिनींनी द्यायचे नाहीत, अध्यक्षबाई आल्याशिवाय. हा मुद्दा मावशींनीच घातला. दुसरा ठराव आगोटीच्या कर्जाचा.

मार्च २०१९ मध्ये बँकेने आमच्या वर्षभराच्या २८,८०० रुपये बचतीवर एक लाख मंजूर केले. आंतरकराराच्या कागदावर बाराही जणींच्या सह्या, दोघींचे अंगठे. पैसे खात्यात आले त्या रविवारी मी वाटपाचा तक्ता करून नेला होता. कुणाला वीस, कुणाला पाच, कुणाला काहीच नाही. तक्ता पाच मिनिटं टिकला. "सगळ्यांना सारखे," असं एकमताने ठरलं. मी समजावलं. कर्ज म्हणजे प्रसाद नाही, ज्याला गरज नाही त्याने उचलू नये, व्याज भरावं लागतं. पापडवाल्या काकी शांतपणे म्हणाल्या, "बाई, फेडायची हमी बारा जणींची आहे ना? मग घ्यायच्या पण बारा जणी." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक लाख भागिले बारा, प्रत्येकी ८,३३३. उरलेले चार रुपये पेटीत.

आणि इथे मी माझी चूक केली, ती सविस्तर सांगते.

मावशींनी पंधरा हजार मागितले होते. बाराजणींतल्या दोघींना पैसे खरंच नको होते, त्यांनी फक्त हक्क म्हणून घेतले होते. मी त्यांना गाठून त्यांचे वाटे मावशींना द्यायला लावले. तीन वाटे मिळून पंचवीस हजार. मावशी म्हणाल्या, एवढा माल मी ठेवू कुठे? मी म्हटलं, माळ्यावर. स्वस्तात मिळतोय, नफा दीडपट होईल. मला त्या वेळी वाटत होतं की मी त्यांच्या हिमतीला बळ देतेय. माझं अक्षर चांगलं आहे, गणित पक्कं आहे, आणि सुक्या बोंबलाबद्दल मला एवढंच माहीत होतं की तो कांद्यात चांगला लागतो.

मे महिना झकास गेला. आगोटीची गिऱ्हाइकं आली, पहिल्या पाच आठवड्यांत जवळजवळ अर्धा माल उठला. मग १ जुलैची रात्र. मुंबईत ज्यांनी ती काढली त्यांना आठवत असेल, सांताक्रूझला २४ तासांत ३७५ मिलिमीटर पाऊस पडला आणि मालाडला भिंत कोसळून माणसं गेली. आमच्या चढावर त्या रात्री कुणी झोपलं नाही, डोंगराचा आवाज ऐकत बसले सगळे. सकाळी मावशींच्या माळ्यावरची दोन पोती भिजलेली निघाली. पत्र्याच्या खिळ्याच्या भोकातून पाणी आलं होतं, एका धारेत, बरोबर पोत्यांवर. बोंबील उन्हात घालायचे तर जुलैत ऊन कुठलं? चौथ्या दिवशी त्यांच्यावर पांढरी बुरशी धरली आणि वास गल्लीच्या तोंडापर्यंत यायला लागला. शेजारी काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला ऐकू येत होतं.

जो सुका राहिला तोही अडकला. त्या वर्षी श्रावण २ ऑगस्टला लागला. गटारीला जे खपलं ते खपलं, पुढे महिनाभर निम्मी घरं खात नाहीत आणि जी खातात त्यांना ताजी मासळी मिळू लागते. ऑगस्टनंतर सुक्या बोंबलाला विचारतो कोण? हे मावशींना माहीत होतं. म्हणून त्यांनी पंधरा म्हटलं होतं. पंधरा हजारांचा माल गटारीपर्यंत संपतो, पंचवीसचा संपत नाही, हा त्यांचा अकरा पावसाळ्यांचा अंदाज होता आणि मी तो हिंमत कमी म्हणून वाचला.

ऑगस्टात ताज्या मासळीसाठी भांडवल लागलं तेव्हा त्यांनी पुन्हा डायरी उचलली. मला सांगितलं नाही. मला गणपतीत कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. गटाचे पैसे त्यांनी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत फेडले, एक रविवार न चुकवता, डब्यातून. मी एकदा म्हणाले, "मावशी, माझ्यामुळे झालं." त्यावर त्या "बुरशी काय तुम्ही आणलीत?" एवढंच म्हणाल्या. मग थोडं थांबून, "वाढवून मात्र तुम्ही दिलंत."

मार्च २०२० नंतरचे महिने काय लिहायचे. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, मीटिंगा फोनवर झाल्या, पेटीतले सात हजार किराण्यात गेले आणि त्याबद्दल कुणी व्याज विचारलं नाही. मासेवाल्या मावशींनी काही दिवस लसूण विकला.

आता दुसरी गोष्ट, जी मला अजून नीट सांगता येत नाही.

आमच्या गटात शिवणकाम करणाऱ्या एक वहिनी होत्या. हसतमुख, हिशेबाला चोख, ब्लाउजला वेळेवर. २०२२ मध्ये त्यांनी दुसऱ्यांदा कर्ज मागितलं, पिको मशीनसाठी, बारा हजार. मी रजिस्टरात कारण लिहिलं: व्यवसायासाठी. मंजूर झालं. मशीन काही आलं नाही. मी एकदा विचारलं, त्या म्हणाल्या ऑर्डर दिली आहे.

डिसेंबरात एका संध्याकाळी चढ चढत होते, तर त्यांच्या दाराशी सात-आठ बायका बसलेल्या. मला वाटलं हळदीकुंकू. पण त्या गप्प होत्या. दार आतून बंद. एका छोट्या कर्जाच्या फायनान्स कंपनीच्या गटातल्या त्या बायका. दहा जणींची जोडहमी, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांचं पुढचं कर्ज अडतं. कंपनीचा वसुलीचा मुलगा गल्लीच्या तोंडाशी बाइकवर बसून मोबाइल बघत होता. साडेआठ वाजले होते. रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी नियम केला होता की संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी कर्जदाराशी संपर्क करायचा नाही, आणि घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नकोत. मुलगा नियमात होता, तो दाराशी गेलाच नव्हता. शेजारणींना कुठला नियम?

वहिनींची तीन कंपन्यांकडे कर्जं होती. सोमवारी एक हप्ता, बुधवारी दुसरा, पंधरवड्याने तिसरा. आमच्या गटाचे बारा हजार त्या हप्त्यांत गेले होते. एकाचं फेडायला दुसऱ्याचं. मी "व्यवसायासाठी" असं सुवाच्य अक्षरात लिहून त्यावर सही केली होती.

त्या रात्री मी दार वाजवलं नाही. बायकांच्या मधून वाट काढून पुढे गेले. हे लिहायला सोपं नाही, पण तसंच झालं.

त्यानंतर आमच्या कर्ज अर्जाला एक नवा रकाना आला. कारण काय, हे आम्ही विचारत नाही. आधीचे हप्ते कुणाचे, किती, आणि कोणत्या वारी, हे विचारतो. वार विचारला की खोटं बोलता येत नाही, कारण सोमवारी दुपारी कोण कुठल्या कंपनीच्या सेंटर मीटिंगला (हप्ता भरायच्या बैठकीला) जातं हे गल्लीला माहीत असतं. वहिनींचं व्याज आम्ही थांबवलं आणि आठवड्याला दोनशेवर आणलं. पुढे त्या भावाकडे नालासोपाऱ्याला गेल्या. खतावणीत त्यांच्या नावावर ३,४०० बाकी आहे. कधी रविवारी येतात, दोनशे देतात, चहा घेत नाहीत.

मला पूर्वी चीड यायची की बारातल्या चारच जणी धंद्यासाठी पैसे घेतात. बाकीचे जातात शाळेच्या फीला, पावसाआधीच्या पत्र्यांना, बाळंतपणाला, गणपतीला गावी जायच्या भाड्याला. गणपतीच्या भाड्यावर तर मी एकदा भाषण केलं होतं. आता करत नाही. जून महिन्यात मुलाची फी गटातून गेली तर ती डायरीतून जात नाही, इतकं मला पुरतं.

मावशींना पुढे स्वनिधीचं कर्जही मिळालं. फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये सुरू झालेली ती योजना, पहिल्यांदा १०,००० विनातारण, वर्षभरात फेडायचे, वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात शेकडा सात सवलत, मग २०,०००, मग ५०,०००. (२०२५ मध्ये पहिला टप्पा १५,००० आणि दुसरा २५,००० केला.) मावशींकडे फेरीचा परवाना कधीच नव्हता. अशांना पालिकेचं शिफारसपत्र चालतं, त्यासाठी एस वॉर्डाच्या ऑफिसात तीन खेपा झाल्या. १९ जानेवारी २०२३ ला बीकेसीत पंतप्रधानांच्या हस्ते लाखाहून अधिक फेरीवाल्यांना कर्जवाटप झालं, त्या धामधुमीत मुंबईभर अर्ज भराभर हलले आणि मावशींचाही हलला. पैसे सरळ खात्यात आले. हप्ता नऊशेच्या आसपास, महिन्याचाच. तोवर डब्याची सवय लागली होती, जून-जुलैचे हप्ते मे महिन्यातच डब्यात तयार होते.

योजनेत ऑनलाइन पैसे घेतल्यावर थोडा कॅशबॅकही असतो, म्हणून पाटीशेजारी क्यूआरचा फलक आणि बोलणारा डबा आला. मावशी त्याला 'बया' म्हणतात. "ती बया ओरडते पैसे आले, पैसे आले. माझ्या हातात कुठे?" पैसे मुलाच्या नंबरला जोडलेल्या खात्यात जायचे आणि पहाटे धक्क्यावर रोख लागते. आता खातं त्यांच्या नंबरला आहे, आणि रात्री येताना त्या स्टेशनजवळच्या एटीएमवर थांबतात. पिन मला माहीत आहे. असायला नको, पण आहे.

डायरीवाला अजून येतो. मावशींकडे नाही, पलीकडच्या भाजीवाल्याकडे. मावशींना तो वाकून नमस्कार करतो.

या एप्रिलच्या मीटिंगला आगोटीचा विषय पहिला होता. मावशींनी पासबुक पुढे सरकवलं. पत्रा त्यांनी मार्चमध्येच बदलून घेतला होता, खाली प्लॅस्टिकही घातलंय. गटाकडे या वर्षी पैसा बरा आहे. पापडवाल्या काकी म्हणाल्या, वीस घ्या की, माळा आता कोरडा आहे.

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "पंधरा."

मी लिहिलं.

"वाचा."

"रुपये पंधरा हजार."

"पुढे?"

"फक्त."

"हं," म्हणाल्या, आणि सहीसाठी पेन मागितलं.